कोरी बाटली

निवळी नदीच्या पाण्याबद्दल एक सरकारी अहवाल आहे. त्याच्या अकराव्या पानावर एक वाक्य आहे: ‘सदर नमुने अप्रशिक्षित व्यक्तीने गोळा केलेले असल्याने त्यांवरील निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.’ त्या अप्रशिक्षित व्यक्तीचं नाव विनिता नाखवा. ती आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. मी त्याच विभागात तेहेतीस वर्षं शिकवलं, शेवटची नऊ वर्षं विभागप्रमुख म्हणून. माझ्या विभागात सर्वांत जास्त प्रशिक्षित माणूस कोण, असं मला कुणी विचारलं असतं तर मी तिचंच नाव घेतलं असतं. मला कुणी विचारलं नाही. आपणहून सांगायला हवं होतं, तेही मी केलं नाही. म्हणून आता लिहितोय.

विनिता मूळची पाचखारची. निवळी जिथे खाडीला मिळते तिथे, बांधाच्या कडेला पन्नास-साठ घरांचा कोळीवाडा आहे. बाप होडीवर होता, तो लवकर गेला. आई आवडाबाई ओहोटीच्या वेळी चिखलात बसून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. विनिता बारावी सायन्स झाली. पुढे शिकायचं ठरलं होतं, पण लग्न ठरलं. दोन वर्षांत ती माहेरी परत आली. का, ते तिने कधी सांगितलं नाही. त्यानंतर परिचराची जागा निघाली, ती तिने घेतली. पोरं तिला ‘मावशी’ म्हणायची, प्राध्यापकही ‘मावशी’ म्हणायचे. एकोणीस वर्षांत तिचं आडनाव किती जणांना माहीत होतं, देव जाणे.

तिचं काम काच धुण्याचं. धुतलेल्या काचेवरून पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं पाहिजे, थेंब थेंब राहिले तर काच मळकी, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. ती ते प्रत्येक ब्युरेटला, मोजमापाच्या काचनळीला, बघायची. उजेडाकडे धरायची, मान वाकडी करायची, आणि नापसंत पडलं तर पुन्हा धुवायची. परीक्षेच्या दिवशी साठ पोरांची साठ उत्तरं जुळायची, ती आमच्या शिकवण्यामुळे नव्हे.

चार वर्षांपूर्वी डॉ. रुचिका आमच्याकडे कंत्राटी प्राध्यापक म्हणून आली. तिशीतली, हुशार, जरा घाईची. तिला निवळीच्या पाण्यात प्लास्टिक मऊ करणारी द्रव्यं किती आहेत ते मोजायचं होतं. थॅलेट म्हणतात त्यांना. कडक प्लास्टिकची लवचिक चादर होते, रेनकोट होतो, नळी होते, ती या तेलकट द्रव्यामुळे. ते प्लास्टिकमध्ये पक्कं बसत नाही, हळूहळू सुटत राहतं. नदीच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या काठी, असल्याच मऊ चादरी बनवणारा एक कारखाना होता. नाला नदीला मिळतो आणि नदी पाचखारच्या तिसऱ्यांवरून खाडीत जाते. एवढीच भूगोलाची गोष्ट.

मोजायचं प्रमाण फार बारीक. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-चार, म्हणजे दोन-चार मायक्रोग्रॅम. मुंबईच्या एका संस्थेत ते मोजणारं यंत्र होतं. पाण्यातून ते द्रव्य हेक्झेन नावाच्या द्रावकात ओढून घेण्याचं काम आमच्याकडे व्हायचं आणि बोटाएवढ्या कुप्या मुंबईला जायच्या.

पहिले तीन महिने सगळं फुकट गेलं. नदीच्या पाण्यात थॅलेट, विहिरीच्या पाण्यात थॅलेट, आणि आमच्या स्वतःच्या शुद्ध डिस्टिल्ड पाण्यातही थॅलेट. रुचिका रडकुंडीला आली. बाटल्या बदलल्या, हेक्झेन बदललं, काही फरक नाही. एके दुपारी ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. विनिता पाणी शुद्ध करायच्या यंत्रापाशी उभी होती. म्हणाली, “मॅडम, ही नळी बघा.”

यंत्रातून पाणी कॅनमध्ये नेणारी ती नळी होती.

“काय झालं तिला?”

“मी ही बसवली तेव्हा गांडुळासारखी मऊ होती. आता काठीसारखी कडक झालीय, वाकवली तर मोडेल. मग हिच्यातला मऊपणा गेला कुठं?”

रुचिकाने डोकं वर केलं. मी दारात उभा होतो. आठ वर्षं ती नळी रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. मला पीएच.डी. आहे.

नळी काढली, काचेची जोडली. आकडा खाली आला. त्या दिवसापासून स्वच्छतेचे नियम विनिताने ठरवले आणि रुचिकाने ते मुकाट्याने पाळले. तपकिरी काचेच्या बाटल्या भट्टीत चारशे अंशांवर चार तास भाजायच्या. झाकणाखाली भाजलेली अॅल्युमिनियमची फॉइल. नमुने घ्यायच्या दिवशी क्रीम नाही, नेलपॉलिश नाही, अत्तर नाही, सुती साडी, हातात काचेच्याच बांगड्या. पातळ हातमोजेही नाहीत, कारण ते स्वतःच प्लास्टिकचे.

आणि प्रत्येक ठिकाणी एक कोरी बाटली. तिला आमच्या भाषेत ब्लँक म्हणतात. प्रयोगशाळेतलं स्वच्छ पाणी भरून ती नदीवर न्यायची, नमुना घेताना तेवढाच वेळ उघडी ठेवायची, झाकण लावायचं आणि नमुन्याबरोबर परत आणून तिच्यावरही तेच सगळं करायचं. त्या बाटलीत काही निघालं तर दोष आपला. तिच्यात काही नसलं आणि नदीच्या बाटलीत असलं, तर ते नदीतलं. विनिता म्हणायची, “ही साक्षीदार आहे, सर. हिला नेल्याशिवाय मी नदीवर जाणार नाही.”

होडी लागत होती. आता सगळ्यांच्या होड्या फायबरच्या. तिचा चुलतकाका कान्हा याच्याकडे एक जुनी लाकडी होडी उरली होती. तो साठीचा, तोंडात कायम तंबाखू.

“आता होरीला बी सोवळा लागला काय?” त्याने विचारलं.

“लागला. आणि नायलॉनचा दोर नको, काथ्याचा आण. तंबाखू घरी ठेव.”

“तंबाखूत कंचा प्लास्टिक हाय?”

“पुडी कशाची हाय, काका?”

तो हसला आणि पुडी किनाऱ्यावर ठेवून आला. चौदा महिने, दर महिन्याला, ओहोटी लागली की दोघं निघायचे. ओहोटीलाच, कारण तेव्हा वरून आलेलं नदीचं पाणी मिळतं. भरतीला समुद्र आत शिरतो आणि सगळं पातळ होतं. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, विनिता ओणवी व्हायची, बाटली पालथी पाण्यात घालायची, प्रवाहाकडे तोंड करून आतच सुलटी करायची. पाच ठिकाणं. वरचा पूल, नाल्याच्या आधी, नाल्याच्या खाली, मधलं वळण, आणि पाचखारची तिसऱ्यांची जागा.

आकडे आले ते असे. वरच्या पुलाखाली एका लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. नाल्याच्या खाली चाळीस, कधी साठ. पाचखारला नऊ. कोऱ्या बाटल्यांत जवळजवळ काही नाही. पिण्याच्या पाण्याला आठ चालतात असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. निवळीचं पाणी कुणी पीत नाही. पण तिसऱ्या त्या पाण्यात चोवीस तास तोंड उघडून बसलेल्या असतात, आणि तिसऱ्या आम्ही सगळे खातो.

मुंबईच्या एका चर्चासत्रात रुचिकाने हे आकडे मांडले. तिथून ते एका स्थानिक वर्तमानपत्राच्या हाती लागले. त्यांनी कारखान्याचं नाव छापलं नाही, नाल्याचं छापलं नाही. मथळा दिला, ‘पाचखारच्या तिसऱ्यांत विष’. फोटो दिला तो तिसऱ्या विकणाऱ्या बाईचा. कारखान्याच्या फाटकाचा फोटो काढायला फाटकापर्यंत जावं लागतं. बाजारातली बाई कुठेही सापडते.

दुसऱ्या दिवशी बाजारात पाचखारच्या पाट्यांना कुणी हात लावला नाही. नागावच्या होमस्टेवाल्यांनी निरोप पाठवला की आता नको. आवडाबाई भरलेली पाटी घेऊन घरी आली आणि लेकीसमोर ओट्यावर आपटली. हे मला विनितानेच सांगितलं.

“तुजे बाटलीतला पानी खावाचा का आता आमी?”

“आई, मी पाणी मोजलं. ते घाण मी केलं नाही.”

“कोनी केला त्याचा धंदा चालू हाय. माजा बंद झाला.” आवडाबाईचा आवाज चढला. “चालीस वरसा त्या चिखलात हात घालतंय मी. शिकली तू, आणि पयला दगड आईच्या पाटीवर?”

वाड्यातल्या सात-आठ बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीनेही आवडाबाईला गप्प केलं नाही. दोन आठवडे नळावर विनिताशी कुणी बोललं नाही. ती कामावर यायची, बाटल्या भाजायची, जायची. एकदा मी म्हणालो, “विनिता, चार दिवस रजा घे.” तिने माझ्याकडे बघितलं.

“सर, तिचं काय चुकलं? बरोबर बोलली ती. मला राग तिचा नाही येत. मला राग या गोष्टीचा येतो की तिला भांडायला माझ्याशिवाय दुसरं कुणी हाताला लागलं नाही.”

गवगवा झाल्यावर तपासणी लागली. सरकारने काम एका खासगी प्रयोगशाळेला दिलं. त्यांची गाडी आली त्या दिवशी विनिता वरच्या पुलावर उभी होती, मीही होतो. दोन माणसं उतरली. गाडीतून त्यांनी प्लास्टिकचे पाच लिटरचे कॅन काढले. पांढरे, निळ्या झाकणाचे. वेळ भर भरतीची. पुलावरून दोरीला बादली बांधली, तीही प्लास्टिकची.

विनिता पुढे गेली. “दादा, थॅलेट बघायचंय ना? मग प्लास्टिकच्या कॅनात कसं घेता? कॅनातलंच उतरेल त्यात. आणि आता भरती आहे.”

“मावशी, बाजूला व्हा. आम्हाला आमचं काम कळतं.”

“ब्लँक कुठे आहे तुमची?”

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून हसला, जणू आम्ही दोघे सुशिक्षित माणसं एका बाजूला होतो. तेव्हा मला बोलता आलं असतं. ‘ती म्हणते ते बरोबर आहे’ एवढे पाच शब्द. मी घड्याळात बघितलं.

दोन महिन्यांनी अहवाल आला. वरच्या पुलाखाली बावीस, नाल्याच्या खाली पंचवीस. फरक नगण्य, म्हणजे हे द्रव्य ‘परिसरात सर्वत्र आढळणारं’, कोणत्याही एका उद्योगाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. कॅनमधून उतरलेलं प्लास्टिक नदीच्या नावावर लिहिलं आणि कारखान्याला मोकळं केलं. किती साधी युक्ती. की युक्तीही नव्हती, नुसती बेपर्वाई होती, मला आजही ठरवता आलेलं नाही. आणि अकराव्या पानावर ते वाक्य.

विनिताने अहवाल प्रयोगशाळेत उभ्याउभ्या वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग मला विचारलं, “सर, अप्रशिक्षित म्हणजे कुणाच्या मानाने?”

ती भट्टीपाशी गेली, थंड झालेल्या बाटल्या बाहेर काढल्या आणि एकेकीला फॉइल लावत बसली.  

आठवड्याभरात प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. कॉलेजची संगणक-खोली त्या कारखान्याने बांधून दिली होती, भिंतीवर पाटी आहे. प्राचार्य गोड बोलणारे. रुचिकाचं कंत्राट पुढे वाढवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग एक परिपत्रक पुढे केलं: कोणाही कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय प्रदूषणविषयक जाहीर विधान करू नये. वाचल्याची सही करायची होती. रुचिकाने केली नाही, ती जाणारच होती. विनिताने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. सही मी केली. पेन्शनला अकरा महिने उरले होते. हे कारण आहे, सबब नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आता तसं सांगत नाही.

याच सुमारास कारखान्याने दुप्पट वाढीसाठी अर्ज केला. कायद्याप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. ती कारखान्याशेजारच्या मैदानात मांडव घालून झाली. कूलर लावलेले, खुर्च्यांना पांढरी कापडं, व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्या. अधिकारी मधोमध. एका बाजूला कारखान्याचा सल्लागार हितेश, निळा कोट घातलेला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. हिरवी झाडं, हसणारी मुलं, आणि एका चित्रात, त्याच सरकारी अहवालाच्या आधारे, ‘नदीच्या पाण्यावर परिणाम नाही’.

पाचखारहून एक टेम्पो भरून बायका आल्या होत्या. आवडाबाईही होती. सगळ्या मागे खाली बसल्या. विनिता अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. प्रश्न विचारायला सांगितल्यावर ती उठली.

“मी विनिता नाखवा. पाचखारची राहणारी. कॉलेजची म्हणून नाही, पाचखारची म्हणून बोलतेय, हे आधी लिहून घ्या.”

अधिकारी म्हणाले, “बोला.”

“तुमच्या अहवालात वरच्या पुलाखाली बावीस आकडा आहे. बरोबर?”

हितेशने पानं चाळली. “हो. म्हणूनच आम्ही म्हणतो की हे सगळीकडे आहे.”

“वरच्या पुलाच्या वर काय आहे?”

“म्हणजे?”

“गाव आहे? कारखाना आहे?”

“नाही, तिथे... वनविभाग आहे.”

“डोंगर हाय.” तिची भाषा इथे बदलली, पाचखारची झाली. “डोंगर आणि जंगल. मंग बावीस आला कुठना? डोंगर प्लास्टिक बनवतं काय?”

मांडवात हशा झाला. हितेशही थोडा हसला. म्हणाला, “ताई, ही तांत्रिक बाब आहे. नमुने मानक पद्धतीने घेतलेत.”

“कशात घेतले?”

“कंटेनरमध्ये.”

“कसला कंटेनर? काचेचा का प्लास्टिकचा?”

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“ते प्रयोगशाळेला विचारावं लागेल.”

“मी सांगते. प्लास्टिकचा. मी पुलावर होते. भरती होती. आणि कोरी बाटली नव्हती. कोरी बाटली कुठं आहे तुमची? एका पानावर दाखवा मला, ब्लँकचा आकडा इतका. एका पानावर.”

हितेशने पानं उलटली. पुन्हा उलटली. अहवाल एकशे अठरा पानांचा होता. 

शेवटी तो म्हणाला, “तुमचं शिक्षण काय आहे, ताई?”

“बारावी,” ती म्हणाली. “आणि तुमचा आकडा बारावीला कळतो तेवढा तुम्हाला कळत नाही. याची लाज तुम्ही बाळगायची का मी?”

मागच्या बायका आता उठून उभ्या राहिल्या होत्या. अधिकाऱ्यांनी हात वर केला. “नोंद घेतली आहे. पुढचा प्रश्न.”

इथे बहुतेक लोक खाली बसतात. नोंद घेतली, संपलं. विनिता बसली नाही. तिने सुनावणीचे नियम वाचले होते, घरी, वहीत उतरवून. “इतिवृत्त इथंच, सगळ्यांसमोर, मराठीतून वाचून दाखवायचं असतं. माझी नोंद वाचून दाखवा.”

कारकुनाने वाचलं: “एका स्थानिक महिलेने नदीच्या पाण्याबाबत शंका व्यक्त केली. तिचं समाधान करण्यात आलं.”

“हे खोटं आहे,” विनिता म्हणाली. “पुन्हा लिहा.”

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ‘समाधान’ गेलं होतं, पण प्लास्टिकचे कॅनही नव्हते. अधिकारी वैतागले. “बाई, अजून चाळीस लोकांना बोलायचंय.”

तेवढ्यात मागून आवाज आला. आवडाबाई. सात महिने लेकीशी धड न बोललेली. ती खांबाला धरून उभी होती.

“लिवा,” ती म्हणाली. “माजी पोर बोलली तसाच लिवा. कॅन बी लिवा, भरती बी लिवा, डोंगर बी लिवा. लिवल्याबिगर आमी बायका इथना उठत न्हाय. आमाला तसाबी आता बाजारात काय काम हाय?”

आणि त्या सगळ्या खाली बसल्या. मांडवाच्या मधल्या वाटेत, व्यासपीठापासून फाटकापर्यंत. कुणाला आत येता येईना, बाहेर जाता येईना. तिसऱ्यांदा कारकुनाने विनिता सांगेल तसं लिहिलं, शब्दाला शब्द, आणि मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर तिने नोंदीचा क्रमांक विचारून वहीत टिपला आणि मगच बसली. मी त्या मांडवात सातव्या रांगेत होतो.

त्या नोंदीमुळे वाढीचा प्रस्ताव परत आला. नव्याने नमुने घ्या, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून, काचेच्या बाटल्यांत, ओहोटीला, गावच्या प्रतिनिधीसमोर. प्रतिनिधी म्हणून वाड्याने विनिताचं नाव दिलं. होडी कान्हाचीच लागली. या वेळी आलेल्या माणसांनी तिला ‘मावशी’ म्हटलं नाही. आकडे आले: वरच्या पुलाखाली शून्य पूर्णांक सहा, नाल्याखाली सदतीस, कोऱ्या बाटल्या स्वच्छ. चौदा महिने तिने जे सांगितलं, तेच.

वाटेल की आता झालं. कारखान्याला नोटीस गेली. सांडपाणी साफ करायची नवी सोय उभारायला मुदत मिळाली, मग वाढीव मुदत मिळाली. वाढीचा प्रस्ताव फेटाळला नाही, ‘प्रलंबित’ ठेवला. नाला वाहतोच आहे. तिसऱ्यांची गिऱ्हाइकं अर्धी परत आली, अर्धी आली नाहीत. आणि सुनावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात विनिताची प्रशासकीय कारणास्तव ग्रंथालयाच्या कोठीत बदली झाली. जुनी पुस्तकं, वाळवी, आणि एक खिडकी. एकोणीस वर्षं जिने काच ओळखली तिला पुस्तकांवर शिक्के मारायला बसवलं. तिच्या जागी आलेला मुलगा ब्युरेट नळाखाली धरतो आणि ठेवून देतो.

अकरावं पान मागे घ्यावं म्हणून तिने पाच अर्ज केले. पाचही अर्जांना एकच उत्तर आलं, विषय संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.

पण तिने मोजणं थांबवलं नाही. रुचिका आता मुंबईच्या एका संस्थेत आहे. तिने तिथे यंत्रावर वेळ मिळवला. कॉलेजची प्रयोगशाळा तिला बंद झाल्यामुळे विनिताला आता पाण्याच्या भरलेल्या बाटल्याच मुंबईला न्याव्या लागतात, बर्फात, आणि सात दिवसांच्या आत. कान्हाने लाकडाची पेटी करून दिली. मांडव्याहून लाँचने ती जाते. पावसाळ्यात लाँच बंद झाल्या की पेणमार्गे एसटीने, पेटी मांडीवर घेऊन. वाड्यातल्या चार बायकांना तिने बाटली धरायला शिकवलंय. आवडाबाई त्यात नाही. ती म्हणते, मला मोजायचं नाही, मला नदी पाहिजे.

मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात प्राचार्यांनी मला शाल दिली आणि माझ्या ‘निःस्पृह’ सेवेबद्दल बोलले. विनिता आली नव्हती. तिच्याकडे जायला मला चार महिने लागले. पाचखारला गेलो तेव्हा ती अंगणात बाटल्या धूत होती. मी म्हणालो, “त्या दिवशी पुलावर मी बोलायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. ‘जाऊ द्या सर’ असं ती म्हणेल, अशी माझी वेडी अपेक्षा होती. तिने ते म्हटलं नाही, आणि ते योग्यच झालं. मग तिने एक बाटली माझ्या हातात दिली. “उजेडाकडे धरा. थेंब राहतात का बघा.” मी पाहिलं. राहत होते. ती बाटली तिने परत धुवायला घेतली.

गेल्या महिन्यात नवी सांडपाणी सोय सुरू झाल्याचा समारंभ कारखान्याने केला. फीत कापली, पेढे वाटले. पंधरा दिवसांनी सकाळी विनिताचा फोन आला.

“सर, रुचिका मॅडमचा निरोप आलाय. नाल्याखाली बावन्न.”

“वाढलं?”

“वाढलं. सोय नुसती बांधलीय, चालवत नाहीत. मी आज अलिबागला, नोटीस काढणाऱ्या ऑफिसात चाललेय. तुम्ही येणार?”

मी गेलो. ऑफिसात एक लाकडी बाक होतं, पंखा होता, आणि साहेब बैठकीला गेले होते. तीन वाजता येतील असं शिपायाने सांगितलं. तीन वाजले. मग कळलं की साहेब परस्पर घरी गेले. शिपाई म्हणाला, उद्या या.

विनिताने पिशवीतून कागद काढले, बाकावर पसरले, आकड्यांखाली एक-एक रेघ ओढली. “उद्याही इथूनच सुरुवात करायची, सर. मी रजा टाकलीय.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑफिसचं दार उघडलं तेव्हा आम्ही दोघं पायरीवर होतो. साहेबांनी आम्हाला पाहिलं आणि खिशातला फोन काढून कानाला लावला. विनिता उठली आणि त्यांच्या मागोमाग आत गेली. प्राचार्यांच्या परिपत्रकावर ज्या पेनने मी सही केली होती तेच पेन खिशात होतं. तिने बावन्नचा आकडा लिहिलेला अर्ज टेबलावर ठेवला, आणि या वेळी तिच्या सहीखाली मी माझी केली.